गिरणीच्या भिंतीवरच्या सात जणी

मटणाच्या दुकानाच्या पाटीवरचा बोकड हसरा असावा, असा हट्ट धरणारं गिऱ्हाईक मला कर्जतच्या बाजारात भेटलं, तेव्हा मी तेवीस-चोवीस वर्षांचा होतो. मी म्हटलं, "शेठ, त्याला कसलं आलंय हसू?" शेठ म्हणाले, "तू काढ रे. रडका बोकड बघून मटण कोण घेईल?" काढला. चांगला दात दाखवणारा काढला. पाटी पंधरा वर्षं टिकली. भिंतीवर काय दिसावं हे पेंटर ठरवत नाही, काम देणारा ठरवतो, हे मला त्या दिवशी कळलं. कळलं, पण पचलं कधीच नाही.

मी वामन पेंटर, राहणार दहिवली. चाळीस वर्षं ब्रश धरला. दुकानांच्या पाट्या, टेंपोमागची वाक्यं, निवडणुकीची चिन्हं, शाळेच्या भिंतीवरचे पाढे आणि गांडुळाची पचनसंस्था, सगळं रंगवून झालं. मग फ्लेक्स आला. दोन तासांत छापून हातात. आमच्यातले अर्धे रिक्षा चालवायला लागले. मी तग धरला तो फार्महाऊसवाल्यांच्या जिवावर. मुंबईच्या एका बाईंनी माझ्याकडून वारली चित्रात स्विमिंग पूल काढून घेतला. तारपा वाजवणारा गडी कमरेएवढ्या पाण्यात उभा! बाई खूश. मी मान हलवली आणि डबे उचलून निघालो.

पण मला विचाराल, तर मी आयुष्यात मोठं असं एकच चित्र काढलं, आणि त्यातला जो तुकडा खरा जमला होता तोच घालवला. ते सांगायला बसलोय. सणासुदीच्या अंकात वाचून कुणाला बरं वाटेल असं ते नाही, आधीच सांगून ठेवतो.

पोशीरच्या अलीकडे रस्त्याला लागून एक जुनी भाताची गिरणी आहे. दगडी भिंती, वर कौलं, मागं धुरांडं. इंग्रजांच्या वेळची. तिथं आधी भात उकडायचे, मग खळ्यावर वाळवायचे, मग भरडायचे. उकडायला वाफ लागते, वाफेला बॉयलर, आणि बॉयलरमध्ये जाळायला भाताचंच तूस. गिरणी बंद पडून बरीच वर्षं झाली होती, आत वटवाघळं राहायची. मग मालकांच्या नातवंडांनी ट्रस्ट केला, वास्तू दुरुस्त केली, हॉल आणि वाचनालय काढायचं ठरवलं. आणि रस्त्याकडच्या सत्तर फुटी भिंतीवर गिरणीचा सगळा इतिहास चित्रांतून दाखवायचा, असा बेत झाला.

ट्रस्टचे कार्यवाह म्हणजे माझे शाळेतले सर. सहावीत माझं अक्षर बघून त्यांनी मला फळ्यावर रोजचा सुविचार लिहायला लावला. माझा बाप म्हणायचा, "रंग फासून पोट भरतं व्हय?" तेव्हा सर आमच्या घरी येऊन ओटीवर बसले आणि म्हणाले, "ह्याच्या हातात कला आहे, त्याला अडवू नका." अशा माणसानं बोलावल्यावर मी धावतच गेलो. त्यांना नाही म्हणायची वेळ आली तेव्हा हाच उपकार आड आला, पण ते नंतरचं.

सरांनी मला सहा चित्रांची यादी दिली. पायाभरणी, भाताची पहिली बैलगाडी, उकडणी-वाळवणी, चळवळीच्या काळात कोठारात लपलेले कार्यकर्ते, गिरणीतलं भजनी मंडळ, आणि शेवटी दिव्यांनी उजळलेला नवा हॉल. सोबत सरांनीच लिहिलेली पुस्तिका. त्यात बॉयलर फुटल्याची दीड ओळ होती. एक भिंत पडली, सुदैवानं जीवितहानी झाली नाही. मी वाचलं आणि पान उलटलं. मला त्यात काढण्यासारखं काही दिसलं नाही.

आता धंद्यातली एक लबाडी सांगतो. चित्रात माणसांची गर्दी हवी असली तर पेंटर प्रत्येक माणूस वेगळा काढत बसत नाही. जाड कागदावर एकच माणूस काढायचा, रेषेरेषेवर सुईनं भोकं पाडायची, कागद भिंतीला लावायचा आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर आपटायची. भिंतीवर ठिपक्याठिपक्यांचा माणूस उमटतो. ह्याला आम्ही खाका म्हणतो. कागद उलटा लावला की तोच माणूस दुसरीकडं बघायला लागतो. लुगड्याचा रंग बदलला की झाली दुसरी बाई. वाळवणीच्या चित्रात मला खळ्यावर भात पसरणाऱ्या बायका हव्या होत्या. एक खाका केला आणि पाच वेळा आपटला, तीन डावीकडं, दोन उजवीकडं. दोन दिवसांत पाच बायका उभ्या. मी स्वतःवरच खूश होतो.

तिसऱ्या दिवशी एक म्हातारी काठी टेकत आली आणि समोरच्या दगडावर बसली. ऐंशीच्या घरातली असेल. बराच वेळ नुसती बघत राहिली. मला वाटलं, आता कौतुक करणार.

"ह्या साऱ्या एकच बाई हाय रं," ती म्हणाली.

मी हसलोच. चाळीस वर्षांत माझा खाका पकडणारं हे पहिलं माणूस. म्हटलं, "मावशी, नजर चांगली आहे तुमची."

"नजर कवाच गेली. एका डोळ्यानं दिसतंय. पन ह्या पाच कशा? सात व्हत्या."

"कोण सात?"

"बॉयलरखाली गेल्या त्या."

मी ब्रश ठेवून तिच्यापाशी गेलो. मग तिनं सांगितलं ते असं. तिचं नाव चांगुणाबाय. तिची आई येसू ह्याच खळ्यावर भात वाळवायची, आणि सहा-सात वर्षांची चांगुणा वाळवणावरच्या चिमण्या हाकायची. थंडीच्या दिवसांत बायका सकाळची न्याहारी करायला बॉयलरघराच्या मागं बसायच्या, भिंतीला पाठ लावून. ती भिंत आतून तापलेली असायची, पाठीला ऊब लागायची. एका सकाळी भाकरीचा घास हातात असताना बॉयलर फुटला आणि ती भिंत सगळीच्या सगळी त्यांच्यावर आली. चांगुणा खळ्याच्या दुसऱ्या टोकाला होती म्हणून वाचली. त्या बायका मुकादमानं आणलेल्या, गिरणीच्या हजेरीत त्यांचं नाव नाही. हजेरीत नाव नाही म्हणजे गिरणीत माणूस मेलं नाही.

"आमची आय मेली, पन कागदात नाय मेली," चांगुणाबाय म्हणाली. "तू तरी तिला भितीवर काड, बाबा. एवडी सत्तर फुटाची भित हाय. एका बाईपुरती जागा नाय व्हनार?"

"फोटो आहे का त्यांचा?"

"लुगडं दुसरं नव्हतं तिला. फोटो कुठला रं?"

मी आणखी दोन बायका वाढवून मोकळा होणार होतो. खरं सांगतो, तेवढाच विचार होता. खाका हाताशी होता, अर्ध्या दिवसाचं काम. पण म्हातारी दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशी आली, त्याच दगडावर बसली आणि एकेकीचं सांगायला लागली. भागी डावरी व्हती, तिच्या डाव्या हातात फावडं दे. ठकी लई उंच, दारातनं वाकून जायची. सखूच्या तोंडावर देवीचे वण. काशी तिरळी, पन हसायची इतकी की मुकादम वरडायचा. पारू नवी नवरी, हिरवा चुडा कोपरापर्यंत. रखमा पोटुशी, सातवा लागलेला. हे ऐकल्यावर कोणाचा हात खाक्याकडं जाईल? मी पाचही बायका पुसल्या आणि सात जणी एकेक करून हातानं काढल्या. आयुष्यात पहिल्यांदा एका चित्रात सात वेगळी माणसं काढत होतो. बायको म्हणाली, "जेवायला तरी येत जा, का तिथंच बिऱ्हाड केलंय?"

येसूशी आलो आणि अडलो. म्हातारीला आईचं सगळं आठवत होतं, पण चेहरा सांगता येईना. "माज्यासारकी व्हती म्हनत्यात," एवढंच. मग मी तिलाच समोर बसवलं. ह्या सुरकुत्या काढल्या तर खाली काय उरेल, असा विचार करत मी तिच्या तोंडावरून तिच्या आईचं तोंड काढायला लागलो. ती एका डोळ्यानं बघत दुरुस्त्या सांगायची. एवडी गोरी नव्हती. नाक बारीक कर. उजवा कान फाटलेला दाखव, बुगडीनं फाटला व्हता. हनवटीवर गोंदन. कान काढून झाला. मी मागं वळून बघितलं तर म्हातारी पदर तोंडात धरून बसली होती.

"हाय," ती म्हणाली. "हीच हाय." मग म्हणाली, "पंचविशीची पोर रं ती. आता मीच तिची आजी दिसतीय."

मला तिथंच रडू आलं. लपवत नाही. बोकडापासून सुरुवात केलेल्या माणसाला असं काही आपल्या हातून होईल असं वाटलं नव्हतं. सरांनी पावसाच्या आधी भिंत पाहिली, सगळी सत्तर फूट चालत पाहिली, वाळवणीपाशी जरा थांबले आणि "छान" एवढंच म्हणून पुढं गेले. मी तेव्हा त्याचा अर्थ लावला नाही.

पाऊस संपला. दसऱ्याला उद्घाटन ठरलं. मी शेवटच्या चित्राची डागडुजी करायला गेलो तो पितृपंधरवड्यातला दिवस होता, अहेव नवमी. नवरा जिवंत असताना गेलेल्या बाईचं पान त्या दिवशी ठेवतात, तिला हळदकुंकू देतात. मी पोचलो तर वाळवणीच्या चित्राखाली पंधरा-वीस बायका. त्या सात जणींच्या घरांतल्या सुना, नाती, नातसुना. चांगुणाबायनं गावोगाव निरोप धाडला होता. भिंतीच्या पायाशी केळीच्या पानांवर भात-वरण, सात खण, सात हिरव्या बांगड्यांचे जोड. आणि चित्रातल्या प्रत्येकीच्या कपाळावर खरं कुंकू लावलेलं. नव्या रंगावर कुंकवाचे ओघळ आलेले. दुसऱ्या कुणी माझ्या कामाला असा हात लावला असता तर मी शिव्या घातल्या असत्या.

"आमच्यात नवमीला नुसताच गडू मांडायचो," एक सून मला म्हणाली. "सासूबाईंची सासू कशी व्हती ते आज बघितलं."

चांगुणाबाय भिंतीपाशी उभी होती. इतकी ताठ मी तिला कधी पाहिली नव्हती. तेवढ्यात गाडी थांबली. सर आणि त्यांच्याबरोबर ट्रस्टचे दोघं जण उतरले, मालकांच्या घरातले. पाहुण्यांच्या खुर्च्या कुठं ठेवायच्या ते बघायला आले होते. पानं, अगरबत्त्या, बायका बघून त्यांतला थोरला लाल झाला.

"हे काय चाललंय? वामन, ह्या चित्रातल्या बायका कोण आहेत?"

सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. सर जमिनीकडं बघत होते. मी एवढंच म्हणायचं होतं, की ही येसू, ही भागी, ही सखू. सात नावं. मला पाठ होती. आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल?

"कुणीच नाहीत, साहेब. खाक्यातल्या बायका आहेत. एकच खाका, उलटासुलटा लावलेला."

"मग हळदकुंकू कशाला?"

"गावातल्या बायका, साहेब. कुठंही लावतात."

ज्या कामाचा मला आयुष्यात सगळ्यांत जास्त अभिमान होता ते मी खोटं म्हणून सांगितलं. चार हातांवर चांगुणाबाय उभी होती, तिला ऐकू व्यवस्थित येत होतं. तिनं काठी घेतली आणि चालायला लागली. तिच्यामागं बाकीच्या निघाल्या. पानं तिथंच राहिली.

माझ्या खोटेपणानं मलाच बांधून टाकलं. थोरला म्हणाला, "कुणी खरी माणसं नाहीत ना? मग झाकायला काय हरकत आहे? उद्या लोक म्हणतील, गिरणीत माणसं मेली होती. पुस्तिका छापून झालीय. तिथं भाताची रास काढ. छान मोठी." आणि गाडीत जाऊन बसला.

सर मागं राहिले. मी म्हटलं, "सर, मी खोटं बोललो."

"माहीत आहे," ते म्हणाले. "ती दीड ओळ लिहिताना मलाही माहीत होतं. माझी आत्या सांगायची, गावात सात घरांत चूल पेटली नव्हती." त्यांचा आवाज म्हाताऱ्या माणसाचा झाला होता. "तू नाही झाकलंस वामन, तर हे दुसरा माणूस आणून सगळी भिंत पांढरी करतील. निदान बाकीचं तरी वाचेल."

मी नाही म्हणायला हवं होतं. पांढरी करू दे सत्तर फूट, असं म्हणायला हवं होतं. बाकीच्या भिंतीवर होतं तरी काय? एक बैलगाडी आणि फेटे बांधलेले मालक. पण समोर सर होते, ओटीवर बसून माझ्या बापाशी बोललेले सर. मी "बरं" म्हटलं. ह्या एका शब्दाची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रायमरचा डबा घेऊन गेलो. ओल्या फडक्यानं आधी कुंकू पुसायला लागतं, नाहीतर तेलकट डाग पांढऱ्यातून वर येतो. सहा जणींची कपाळं पुसली. येसूपाशी आलो आणि हात थांबला. पाठीमागं काठीचा आवाज आला. चांगुणाबाय. मला वाटलं, आता शिव्याशाप देणार. द्यायलाच हवे होते.

"झाकनार म्हनं आज?" ती म्हणाली.

"हो मावशी. मला माफ—"

"ऱ्हाऊ दे ते." ती भिंतीपाशी आली. "तवा आमाला कुनाचं तोंड दाखवलं नाय. मुकादमानं मढी परस्पर हलवली. नदीकडं साती जनी एकाच लाकडावर. मी धावत गेले तर नुसता धूर. आयच्या तोंडात पानी घातलं नाय मी, तोंडावर पदर वढला नाय." तिनं हात पुढं केला. "दे तो बुरूस. माज्या आयचं तोंड परक्यानं नाय झाकायचं."

मी ब्रश दिला. काय करणार होतो? तिनं आधी माझ्या बाटलीतलं पाणी ओंजळीत घेतलं आणि भिंतीवरच्या आईच्या ओठांना लावलं. मग ब्रश डब्यात बुडवला. रंग मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. मी मनगट धरायला पुढं झालो तर म्हणाली, "सोड." हनवटीवरचं गोंदण आधी गेलं, मग फाटका कान, मग डोळे. "येसू," ती म्हणाली, आणि मोठ्यानं रडली. वर्षानुवर्षं राहिलेलं रडणं होतं ते. रस्त्यावरचा एक टेंपोवाला गाडी थांबवून बघायला लागला. मी त्याला हातानं जा म्हटलं.

रडून झाल्यावर तिनं नाक पुसलं आणि बाकीच्या सहा जणींकडं बघितलं. "ह्यांचंबी आज कोन आलेलं नाय," ती म्हणाली. "मीच करते. चिमन्या हाकायला मला ह्यांनीच शिकवलं व्हतं." ती एकेकीपाशी गेली. तोंडाला पाणी लावायची, नाव घ्यायची, ब्रश फिरवायची. भागी. ठकी. तिथं हात पुरेना, मग मी स्टूल धरलं आणि ती त्यावर चढली. सखू. काशी. पारू. रखमेचं तोंड झाकून झाल्यावर तिनं तिच्या पोटावरही ब्रश फिरवला, आणि काही तरी पुटपुटली ते मला ऐकू आलं नाही. खांद्याखालची शरीरं मी झाकली.

दुपारपर्यंत तिथं दहा फुटांची पांढरी भिंत झाली. पुढं मी तिच्यावर भाताची रास काढली, पिवळीधमक. उद्घाटनाला पाहुणे तिच्यासमोर फोटो काढून घेत होते, मी गर्दीत मागं उभा राहून बघितलं. त्यानंतर मी कुणाची भिंत घेतली नाही. लोकांना सांगतो, खांदा दुखतो.

पण त्या दिवशीचं राहिलं सांगायचं. चांगुणाबायनं रस्त्याकडच्या नळावर हात धुतले. मी ब्रश धुऊन डबा बंद केला आणि तिच्या पाया पडलो. तिनं पाय मागं घेतले नाहीत. म्हणाली, "आता घरी जाऊन पयलं अंगावर पानी घे. तसाच आत जाऊ नको. बाईमानसाचं घर हाय तुजं." मग काठी टेकत गावाच्या बाजूला गेली.

मी दहिवलीला आलो. दारातच थांबलो आणि बायकोला हाक मारली, बादली बाहेर आण म्हणून. आमच्याकडं स्मशानातून आलेला माणूसच असा दारात थांबतो. ती भरली बादली घेऊन आली, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि बादली खाली ठेवली.

"अगंबाई, कोण गेलं?" तिनं विचारलं.

मी तिला सातही नावं सांगितली.